फार निसरडं तेलही गिअरबॉक्सला चालत नाही

इंजिन ऑइल कधी बदलायचं हे बहुतेक गाडीवाल्यांना तोंडपाठ असतं. गिअरबॉक्समधल्या तेलाचं मात्र कुणी नावही काढत नाही. गाडी घेतली तेव्हा जे आत होतं तेच वर्षानुवर्षं आत राहतं, आणि दुसरा गिअर टाकताना हाताला खरखर लागायला लागली की शोधाशोध सुरू होते. त्या शोधाशोधीत पहिला सल्ला हमखास मिळतो तो असा: स्पोर्ट्स कार आहे, सगळ्यात भारी, सगळ्यात कडक तेल घाल. हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा हे एकदा कळलं की गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल कळण्यासारखं बाकीचं आपोआप सुटत जातं.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलाला एकाच वेळी दोन उलटी कामं करावी लागतात. गिअरचे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत फिरतात, तिथे तेलाने मध्ये पडून धातूला धातू लागू द्यायचा नाही. आणि गिअर बदलताना सिंक्रोनायझरची रिंग घर्षणाच्या जोरावर वेग जुळवते, तिथे त्याच तेलाने चटकन बाजूला होऊन घर्षण होऊ द्यायचं. एका ठिकाणी सरकवायचं, दुसऱ्या ठिकाणी पकड द्यायची. मोटारसायकलचा ओला, म्हणजे इंजिनाच्याच तेलात बुडालेला क्लच सोडला तर इंजिनाच्या तेलापुढे असा पेच सहसा येत नाही.

दांडी हलते तेव्हा आत काय होतं

गिअर टाकणं म्हणजे दोन चाकांचे दाते एकमेकांत घुसवणं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक त्याच्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. दांडी हलवली की एक स्लीव्ह सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. झाला गिअर. बाकीची चाकं फिरतच राहतात, बिनकामाची.

अडचण अशी की शाफ्ट एका वेगाने फिरत असतो आणि ते मोकळं चाक भलत्याच वेगाने. धावत्या बसमध्ये चढायचं तर आधी तिच्याबरोबर तितक्याच वेगाने पळावं लागतं, नाहीतर माणूस तोंडावर आपटतो. इथे ते पळण्याचं काम सिंक्रोनायझर करतो. ही शंकूच्या आकाराची एक रिंग असते, बहुधा पितळेची, काही नव्या गाड्यांत कार्बनचं अस्तर लावलेली. स्लीव्ह सरकायला लागली की ती आधी या रिंगला चाकाच्या शंकूवर दाबते. घर्षणाने दोघांचे वेग एक होतात आणि मगच स्लीव्हचे दाते न आपटता आत बसतात. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय पहिल्यांदा विक्रीच्या गाड्यांत आणली. त्याआधी क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलला ॲक्सिलरेटर देऊन, वेग चालवणाऱ्यालाच कानाने जुळवावे लागत.

या रिंगवर किती भार पडतो ते आकड्यांत बघू. समजा पहिल्या गिअरचा रेशो ३.६ आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट ३.६ फेरे घेतो, आणि दुसऱ्याचा २.१. इंजिन ७,००० आरपीएमला असताना पहिल्यातून दुसऱ्यात गेलात, तर गाडीचा वेग तोच ठेवून इनपुट शाफ्टला ४,१०० च्या आसपास उतरावं लागतं. म्हणजे जवळजवळ २,९०० आरपीएमची घट, तीही पापणी लवेपर्यंत. चौथ्याचा रेशो १.२ आणि पाचव्याचा १.० धरला तर चौथ्यातून पाचव्यात जाताना हीच घट जेमतेम १,२०० भरते. क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन या हिशोबात नसतं, पण क्लचची प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडलेली सगळी चाकं त्या एका रिंगला आवरायची असतात. तक्रार कायम दुसऱ्या गिअरचीच का असते, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. आणि स्पोर्ट्स कार चालवणारा माणूस इंजिन रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत नेऊन झटक्यात गिअर बदलणार हे गृहीतच आहे, त्यासाठीच तर त्याने ती घेतलेली असते.

आता यात तेल कुठे येतं? रिंगच्या आतल्या पृष्ठभागावर आट्यांसारख्या बारीक खाचा असतात. रिंग शंकूवर दाबली गेली की मधला तेलाचा थर या खाचांतून बाहेर निसटतो आणि पितळ पोलादाला पकडतं. तेल जाड असेल तर थर निसटायला वेळ लागतो. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर थोडा अडतो आणि काही किलोमीटर गेल्यावर लोण्यासारखा बसतो, तो याच कारणाने. हा बिघाड नाही. गिअरबॉक्स गरम व्हायला इंजिनापेक्षा बराच जास्त वेळ घेतो, त्यामुळे इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणून लगेच दांडीवर जोर काढायला जाऊ नये.

दुसरं टोक म्हणजे तेलातली रसायनं अशी की थर पातळ झाला तरी पृष्ठभाग निसरडाच राहावा. मग रिंग घसरत राहते, वेग जुळत नाहीत, आणि हाताला ‘कर्रर्र’ लागतं. बाटलीवरचं ‘एक्स्ट्रा प्रोटेक्शन’ वाचून आणलेल्या तेलाने गिअर बिघडल्याचे किस्से ऐकू येतात ते बहुतेक या जातीचे.

बाटलीवर काय वाचायचं

सगळ्यात जास्त वाद ज्यावरून होतात ती गोष्ट आधी घेऊ: जीएल-४ की जीएल-५. हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे म्हणजे एपीआयचे वर्ग आहेत. आकडा मोठा म्हणजे तेल चांगलं असा त्यांचा अर्थ नाही. कुठल्या प्रकारच्या गिअरसाठी ते बनवलंय एवढंच त्यातून कळतं.

जीएल-५ मुळात डिफरन्शियलमधल्या, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या पेटीतल्या, हायपॉइड गिअरसाठी आहे. तिथे दाते एकमेकांवर लांबवर घसटत जातात आणि दाब इतका असतो की नुसत्या तेलाचा थर टिकतच नाही. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी रासायनिक क्रिया करून त्यावर एक पातळ पापुद्रा तयार करतात. झिजायचा तो पापुद्रा झिजतो, दाता वाचतो. जीएल-४ मध्ये हीच रसायनं ढोबळमानाने निम्मी असतात.

हाच गंधक पितळेच्या आणि ब्राँझच्या बाबतीत उपद्रवी ठरू शकतो, कारण त्यांत तांबं असतं आणि तापलेल्या तेलातला सक्रिय गंधक तांब्याला काळं पाडून हळूहळू खातो. तेल कंपन्या यासाठी तांब्याच्या पट्टीची चाचणी घेतात. घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात काही तास बुडवून ठेवायची आणि किती काळवंडली ते बघायचं. १ए म्हणजे किंचित झाक, ४सी म्हणजे काळीठिक्कर. तेलाच्या तांत्रिक माहितीपत्रकात हा निकाल बऱ्याचदा छापलेला असतो. बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा ती एक ओळ जास्त उपयोगाची.

हल्लीच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत गंधकाची ही खोड काबूत ठेवणारी रसायनंही असतात, त्यामुळे ‘जीएल-५ घातलं की पितळ गेलंच’ हे म्हणणं जुनं झालंय. तरी निसरडेपणाचा प्रश्न उरतोच. माझ्या मते पितळ खाल्लं जाण्यापेक्षा रिंग घसरण्याचा त्रास जास्त वेळा होतो आणि लवकर होतो.

मग मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये जीएल-५ कधीच नको का? तसंही नाही. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पेटीतच पुढचा डिफरन्शियल बसवलेला असतो. पोर्शच्या ९११ मध्येही गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात नांदतात आणि एकच तेल वापरतात. तिथे हायपॉइड गिअर असल्यामुळे निर्माता जीएल-५ च्या तोडीचंच तेल मागतो आणि सिंक्रोनायझर त्याला जुळतील असे बनवतो. अशा पेटीत सावधगिरी म्हणून जीएल-४ घालणारा सिंक्रोनायझर वाचवायला जातो आणि डिफरन्शियलचे दाते गमावतो. उलट माझदा एमएक्स-५ सारख्या, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असलेल्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल वेगळे असतात, त्यांची तेलंही वेगळी. एकाचं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही.

एकाच पेटीत प्लेटवाला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलही (एकच चाक नुसतं गरगर फिरू न देणारा) असेल तर पेच आणखी वाढतो. त्या प्लेटा थरथरू नयेत म्हणून तेल निसरडं करणारं ॲडिटिव्ह लागतं, आणि तेच ॲडिटिव्ह सिंक्रोनायझरला नको असतं. असा गिअरबॉक्स असलेल्या गाडीत निर्मात्याने ठरवून दिलेलं तेल सोडून प्रयोग करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. स्वतंत्र गिअरबॉक्समध्ये तर ‘एलएस’ म्हणजे लिमिटेड-स्लिप लिहिलेलं तेल घालायचंच नाही.

एमटी-१ हा आणखी एक फसवा वर्ग. एमटी म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे आपल्याच कामाचं, असं वाटतं. प्रत्यक्षात तो बस आणि अवजड ट्रकांच्या, सिंक्रोनायझर नसलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे.

मग जाडी. ७५डब्ल्यू-९० वाचून लोक दचकतात, कारण त्यांच्या डोक्यात इंजिनाचं ५डब्ल्यू-३० असतं. पण गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअर ऑइलमधलं ९० हे १०० अंश सेल्सियसला साधारण इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकंच जाड असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, तो जितका लहान तितकं तेल थंडीत सहज वाहतं. ७५डब्ल्यूच्या जागी ८०डब्ल्यू घातलं तर गरम झाल्यावर फरक कळणार नाही, थंडगार सकाळी मात्र दुसरा गिअर नक्की कळवेल.

गिअरबॉक्समध्ये नेहमी गिअर ऑइलच असतं असंही नाही. अनेक अमेरिकन स्पोर्ट्स कारमध्ये बसवलेल्या टी-५६ या सहा गिअरच्या पेटीत लाल रंगाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड जातं, मॅन्युअल असूनही. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइल चालायचं, नंतर कंपनीने स्वतःचं पातळ एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड, आणलं. या पेट्यांमधले बेअरिंग, फटी आणि रिंगचं अस्तर पातळ तेलाच्या हिशोबाने बनवलेले असतात. म्हणून गाडीचं मॅन्युअल उघडा, त्यात लिहिलेला वर्ग आणि जाडी कागदावर उतरवा, आणि दुकानदाराला तो कागद दाखवा. गाडीची मॉडेल वर्षंही तपासा, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी गिअरबॉक्स बदललेला असू शकतो.

कधी बदलायचं

काही कंपन्या ‘लाइफटाइम फिल’ म्हणतात, म्हणजे कधीच बदलू नका. कुणाचं लाइफटाइम, ते सांगत नाहीत. गिअरबॉक्समध्ये जळण होत नाही, काजळी येत नाही, त्यामुळे तेल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त टिकतं हे खरं. पण दाते तेलातल्या लांब रेणूंना सतत चिरडत राहतात आणि तेल पातळ होत जातं, रसायनं खर्च होतात, झिजलेल्या धातूची भुकटी तशीच आत फिरत राहते. इंजिनासारखा फिल्टर बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना नसतो. रोजच्या वापराच्या गाडीला ५०,००० ते ८०,००० किलोमीटरला एकदा बदल पुरेसा आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये यापेक्षा कमी आकडा असेल तर तो पाळायचा.

ट्रॅकवर नेत असाल तर किलोमीटरचा हिशोब सोडा. तेलाचं ऑक्सिडेशन उष्णतेबरोबर झपाट्याने वाढतं, ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग दुप्पट. शिवाय एक्झॉस्टचा पाइप बहुतेक वेळा गिअरबॉक्सला खेटूनच जातो. अशा गाडीला दर मोसमात एकदा नवं तेल देणं अजिबात उधळपट्टी नाही. नव्या किंवा नुकत्याच उघडून बसवलेल्या गिअरबॉक्सचं पहिलं तेलही लवकर काढावं, कारण सगळ्यात जास्त धातू पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच झडतो.

गाडीखाली

काम तसं सोपं आहे: खालून काढायचं, बाजूने भरायचं. पण स्पोर्ट्स कार जमिनीला टेकलेली असते, त्यामुळे निम्मा वेळ ती उचलण्यात जातो. चारही कोपरे जॅक स्टँडवर घ्या आणि गाडी समतल ठेवा. फक्त पुढची बाजू वर करून काम उरकणाऱ्याच्या गिअरबॉक्समध्ये तेलाची पातळी चुकते, कारण पातळी मोजली जाते ती भरायच्या भोकाच्या काठाने. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. खालून प्लास्टिकचं कव्हर असेल तर त्याचे स्क्रू कुठला कुठे होता ते फोटो काढून ठेवा.

त्याआधी गाडी थोडी चालवून आणा. कोमट तेल पटकन वाहतं आणि तळाची भुकटी सोबत घेऊन येतं. चटका बसेल इतकं गरम नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्रम: आधी वरचा फिलर प्लग सैल करा, मग खालचा ड्रेन प्लग. वर्षानुवर्षं न हललेला फिलर प्लग कधीकधी जाम झालेला असतो. खालून सगळं तेल सोडून दिल्यावर हे कळलं तर गाडी स्टँडवर, गिअरबॉक्स कोरडा आणि तेल भरायला वाट नाही. वरचा प्लग हलला नाही तर काहीच न सोडता, तेल आत असतानाच, गाडी चालवत मेकॅनिककडे नेता येते. प्लगला ॲलन कीचं भोक असेल तर आधी त्यातली माती टोकदार वस्तूने कोरून काढा, की पूर्ण आत बसवा, मगच जोर द्या. अर्धवट बसलेली की प्लगचे कोपरे गोल करून टाकते.

ड्रेन प्लग शेवटच्या आट्यापर्यंत आला की हात बाजूला ठेवून काढा. तेल सरळ खाली न पडता आधी धारेने लांब उडतं. हातमोजे घाला, कपडे जुने घाला. गिअर ऑइलमधल्या गंधकाचा वास एकदा शर्टात शिरला की धुण्याने जात नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. धार थांबल्यावर लगेच प्लग लावू नका. ठिबकणं संपेपर्यंत थांबा.

हा वेळ वाया जात नाही, कारण गिअरबॉक्सची तब्येत बघायची हीच संधी. बहुतेक ड्रेन प्लगला आत लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ, मलमासारखा चिकट लेप दिसेल. बोटांत चोळला तर कण जाणवत नाहीत. ही नेहमीची झीज, पुसून टाका. कणी लागली, चकत्या किंवा सुईसारखे तुकडे निघाले, तर दाता किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. तिथे नवं तेल हा उपाय नाही.

चुंबकावर न दिसणारी गोष्ट पितळ. ते चुंबकाला चिकटत नाही, तेलातच तरंगतं. काढलेलं तेल उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात हलवून पाहा. सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोनायझरच्या रिंगची. जुन्या गाडीत थोडीशी असणारच. सगळं तेल झगमगत असेल तर रिंग संपत आल्या आहेत. तेल दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. गाडी पाण्यातून गेली होती का, आणि गिअरबॉक्सच्या डोक्यावरची हवा जायची नळी जागेवर आहे का, ते तपासा. नुसत्या काळ्या रंगावरून मात्र काही ठरवू नये.

रॉकेल किंवा डिझेल घालून आतून ‘धुवायचं’ काही जण सुचवतात. करू नका. ते पूर्ण बाहेर येत नाही आणि नव्या तेलात मिसळून ते पातळ करतं. जुनं तेल थोडं आत राहतंच, त्याने बिघडत नाही.

ड्रेन प्लग लावताना वॉशर नवा घ्या. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं, पुन्हा वापरला तर ठिबकत राहतो आणि मग माणूस ठिबकणं थांबवायला प्लग जास्त आवळतो. गिअरबॉक्सची पेटी ॲल्युमिनियमची, प्लग पोलादाचा. जास्त आवळला तर आटे जाणार ते पेटीचे. टॉर्क रेंच लावून मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर थांबा. काही प्लगचे आटे निमुळते असतात, त्यांना वॉशर नसतो, सीलंट लागतं. काढलेल्या प्लगखाली वॉशर सापडला नाही तर तो हरवला असं समजण्याआधी हे तपासा.

तेल भरणं हा कंटाळवाणा भाग. भोक बाजूला, बाटली उभी करायला जागा नाही. हातपंप वापरा, किंवा इंजिनच्या बाजूने वरून एक लांब पारदर्शक नळी खाली भोकात सोडून वर फनेल लावा. ७५डब्ल्यू-९० नळीतून रडतखडत उतरतं, बाटली आधी गरम पाण्यात ठेवली तर बरं उतरतं. भोकाच्या काठावरून बारीक धार परत बाहेर यायला लागली की थांबा, धारेचं ठिबकणं होऊ द्या, मग प्लग लावा. किती तेल गेलं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. पाच गिअरच्या पहिल्या एमएक्स-५ ला सुमारे दोन लिटर लागतं. तुमच्या गाडीला दोन लिटर लागायला हवं आणि सव्वा लिटरलाच बाहेर यायला लागलं, तर गाडी समतल नाही किंवा जुनं तेल पूर्ण निघालेलं नाही. काही थोड्या गाड्यांत पातळी भोकापर्यंत नसते, मोजूनच भरावं लागतं. तिथे मॅन्युअलचंच ऐकायचं.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा विचार इथे लागू नाही. अनेक गिअरबॉक्सना तेलाचा पंप नसतो. खालची चाकं तेलात बुडून फिरतात आणि ते वर उडवतात. पातळी कमी असेल तर वरची बेअरिंग कोरडी पडतात. जास्त असेल तर चाकं तेल घुसळून फेस करतात, फेसाने वंगण होत नाही, तेल तापतं आणि सीलमधून वाट काढतं. त्यात तेल तापलं की फुगतं, दोन लिटर तेल ६० अंशांनी तापलं तर साधारण ८० मिलीलिटर वाढतं. त्या फुगण्यासाठी वर जागा सोडलेली असते, ती भरून टाकायची नाही.

काढलेलं तेल त्याच रिकाम्या बाटल्यांत भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या. गटारात किंवा मातीत नाही.

बदलूनही अडत असेल तर

पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये मत बनवू नका. कोपऱ्यांतलं जुनं तेल मिसळायला आणि रिंगच्या खाचांत नवं तेल जायला थोडं चालवावं लागतं. तेवढ्यात गाडी थांबवून दोन्ही प्लगखाली बोट फिरवा, ओलं लागलं तर वॉशर बघा.

त्यानंतरही गिअर अडत असेल तर तेलाला दोष देण्याआधी क्लच तपासा, कारण या दोघांची लक्षणं सारखी असतात. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतली चाकं थांबतात आणि रिव्हर्स गुपचूप बसतो. खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि प्रत्येक गिअरला तो सिंक्रोनायझरशी भांडत असतो. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा असेल, सिलिंडर गळत असेल, तिथे बघा. हे काम गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि सोपं.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. तरीही दांडी अडत असेल तर दोष दांडीच्या बुश आणि सांध्यांत, तेलात नाही. फक्त जोरात वळताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना अडत असेल तर इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे माउंट झिजलेत का ते बघा.

क्लच ठीक, दांडी मोकळी, तेल योग्य, गाडी चांगली तापलेली, आणि तरी एकच ठरावीक गिअर झटक्यात टाकला की खरखरतो, सावकाश टाकला की नाही. मग त्या गिअरची रिंग झिजलेली आहे. थोडं वेगळं तेल घालून काही महिने काढता येतात, काही जण काढतातही. तोवर त्या गिअरला हलक्या हाताने, क्लच दोनदा दाबून टाका आणि पेटी उघडायची तयारी करा. रिंग बदलण्यात उशीर झाला तर स्लीव्हचे आणि गिअरचे दातेही बोथट होतात, आणि मग सुट्या भागांची यादी एका रिंगवर थांबत नाही.